रक्तातले टपाल

रक्त तपासणाऱ्या माणसाला गावातली माणसे सकाळीच भेटतात, आणि तीही उपाशी. तीस वर्षे मी हे काम करीत आहे. मी डॉक्टर नव्हे. रिपोर्टावर डॉक्टरांची सही पडण्यापूर्वी ज्याचा हात त्या रक्ताला लागतो, तो मी. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. उपाशी माणूस खरे बोलतो. एकदा चहा पोटात गेला, की तो पुन्हा इस्त्री केल्यासारखा नीटनेटका होतो आणि आपल्याला काही होत नाही असे सांगू लागतो. म्हणून सुई टोचता टोचता मी जे ऐकतो, ते त्याच्या बायकोनेही ऐकलेले नसते.

पूर्वी माझ्याकडे येणारे लोक काहीतरी दुखत होते म्हणून येत. ताप, कावीळ, साखर, पंडुरोग. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र एक नवीनच जात उत्पन्न झाली आहे. पायांत पोपटी किंवा भगवे बूट, मनगटावर मोठे घड्याळ, अंगावर कुठल्याशा शर्यतीचा बनियन, आणि रोग म्हणाल तर एकही नाही! हे लोक धावणारे. आमच्या साताऱ्यात 2012 साली डोंगरावरची हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि यवतेश्वरचा घाट, जो आम्ही लहानपणी सहलीला जाताना एस.टी.च्या खिडकीतून पाहत असू, तो लोक पायांनी पळत चढू लागले. वकील, किराणा दुकानदार, शिक्षिका, बँकेतले कारकून, दोन आज्या. मीही त्यांतलाच. पंचेचाळिशीनंतर सुरुवात केली, आता छप्पन्न पुरी झाली. माझा वेग असा आहे, की घाटातली माकडे मला घाबरून बाजूला होत नाहीत. सावकाश बघत बसतात.

तर ही धावणारी मंडळी माझ्याकडे येतात ती संप्रेरके मोजायला. हॉर्मोन म्हणा, संप्रेरक म्हणा. मला मराठी शब्द अधिक आवडतो, कारण त्यात 'प्रेरणा' आहे. मूळ शब्दही तसाच आहे. अर्नेस्ट स्टार्लिंग नावाच्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने 1905 साली लंडनच्या व्याख्यानांत तो प्रथम वापरला, आणि तो घेतला ग्रीक भाषेतल्या 'चेतवणे, चालना देणे' अशा अर्थाच्या क्रियापदावरून. मला स्वतःला विचाराल तर मी त्यांना टपाल म्हणेन. एका ग्रंथीने चिठ्ठी लिहावी, रक्ताच्या पोत्यात टाकावी, आणि ती नेमक्या त्याच घरी पोहोचावी जिथे ती वाचता येते. बाकीच्या घरांवरूनही ती जाते, पण तिथे तिची लिपी कोणाला येत नाही. नवल असे, की या चिठ्ठ्या इतक्या बारीक असतात, की एका डेसिलिटर रक्तात त्या नॅनोग्रॅमने मोजाव्या लागतात. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. दिवाळीच्या फराळात मीठ किती घालावे यावरून आमच्या घरी दरवर्षी वाद होतो. शरीरात असला वाद नॅनोग्रॅमवरून होतो, आणि त्याचे परिणाम फार दूरवर जातात.

या चिठ्ठ्या शोधून काढणाऱ्यांचीही मोठी मौज आहे. जर्मनीत बुटेनांट नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. पुरुषी संप्रेरक सापडावे म्हणून त्यांनी बर्लिनच्या पोलिसांचे मूत्र गोळा करविले. थोडेथोडके नव्हे, हजारो लिटर! ते आटवून, गाळून, 1931 साली त्यांच्या हाती जे लागले ते जेमतेम काही मिलिग्रॅम. पुढे 1935 साली ॲमस्टरडॅममध्ये बैलाच्या वृषणांतून खरे टेस्टोस्टेरॉन वेगळे काढले गेले, आणि त्याच वर्षी बुटेनांट व रुझिचका यांनी ते निरनिराळे प्रयोगशाळेत बनवूनही दाखवले. बुटेनांटना 1939 चे नोबेल मिळाले. त्यांच्या सरकारने ते तेव्हा घेऊ दिले नाही. ही पोलिसांची गोष्ट मी एकदा पहाटे आमच्याबरोबर धावणाऱ्या पोलीसभरतीच्या पोरांना सांगितली. त्यांच्यातला एकजण गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "काका, मग त्या पोलिसांना त्याचा भत्ता मिळाला का?" मला उत्तर देता आले नाही.

आता मुद्द्याकडे येतो. आमच्या टोळीत एक बँकेतले गृहस्थ आहेत. माझे जुने मित्र, वय सत्तेचाळीस. (त्यांची परवानगी घेऊनच लिहीत आहे. नाव घालू नकोस, एवढीच त्यांची अट.) चार वर्षे त्यांची वेळ दर शर्यतीला कमी होत गेली आणि पाचव्या वर्षी थांबली, नुसती थांबली नाही, उलट वाढू लागली. झोप मोडू लागली, चिडचिड वाढली, सकाळी उठताना पाय शिशाचे वाटू लागले. आता माणसाला असे झाले की त्याने काय करावे? चार दिवस स्वस्थ बसावे. पण बँकेतला माणूस. तूट दिसली की ती भरून काढायची! त्यांनी आठवड्याचे सत्तर किलोमीटर होते ते नव्वद केले. आणि मग व्यायामशाळेतल्या कोणा जाणकाराने त्यांना सांगितले, की हा सारा टेस्टोस्टेरॉनचा खेळ आहे. तो आकडा बघा, आणि कमी असला तर इंजेक्शन घ्या, वीस वर्षांनी तरुण व्हाल.

ते आले रविवारी, दुपारी चार वाजता. सकाळी तीस किलोमीटर धावून, वर मटणाचे जेवण करून. हात पुढे केला आणि म्हणाले, "काढ रक्त."

मी म्हटले, "काढत नाही. मंगळवारी धावू नको, बुधवारी सकाळी आठला उपाशी ये."

ते रागावले. त्यांना वाटले, मी रविवारचा कंटाळा करतो. पण कारण साधे होते. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी भरतीला असते आणि दिवस कलू लागला की ओसरते. तरुणात ही भरती-ओहोटी ठळक, वय वाढेल तशी ती बोथट होते, तरी असते. जेवणाने ते आणखी थोडे उतरते. आणि लांब पल्ल्याची दमवणूक झाली, की पुढचा दिवसभर किंवा त्याहूनही अधिक काळ ते खालीच राहू शकते, तर कॉर्टिसॉल, म्हणजे अडचणीच्या वेळी मूत्रपिंडावरच्या ग्रंथीने सोडलेली तातडीची तार, वर जाते. रविवारी चार वाजता जो आकडा आला असता तो माझ्या मित्राचा नव्हे, त्या तीस किलोमीटरांचा आणि मटणाचा आला असता. म्हणून सकाळी, उपाशी, आणि एकदा कमी आला तर दुसऱ्या सकाळी पुन्हा. ही रीत आहे. एका आकड्यावर माणूस तोलू नये. पण आकडा ठळक अक्षरांत छापून आला की लोक त्याला पत्रिकेतल्या मंगळासारखे घाबरतात, हे मी रोज पाहतो.

बुधवारी आकडा आला 318. पुढच्या आठवड्यात 331. पुष्कळ ठिकाणी 300 ही खालची रेघ धरतात. म्हणजे मित्र रेघेच्या वरच होते, पण काठाला. त्यांचा चेहरा उतरला. तेव्हा मी त्यांना 1984 सालची हकीकत सांगितली. त्या वर्षी कॅनडातल्या संशोधकांनी आठवड्याला निदान 64 किलोमीटर धावणाऱ्या पुरुषांचे रक्त तपासले, आणि न धावणाऱ्यांच्या मानाने त्यांचे टेस्टोस्टेरॉन कमी भरले. पुढे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, अँथनी हॅकनी यांनी या प्रश्नाला आयुष्यच वाहिले म्हणा ना. वर्षानुवर्षे लांब अंतरे धावणाऱ्या काही पुरुषांत हे संप्रेरक त्यांच्या समवयस्क, पण बैठ्या माणसांच्या 50 ते 85 टक्केच असते, असे त्यांना आढळले. गंमत अशी, की हे लोक खुर्चीत बसणाऱ्यांना घाटात केव्हाच मागे टाकतील!

हे मित्रांना पटेना. "मग कमी संप्रेरकावर ते पळतात कसे?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की लांब धावणे हा एका चिठ्ठीचा कारभार नाही. हृदय एका ठोक्याला किती रक्त फेकते, त्या रक्तात हिमोग्लोबिन किती, पायाच्या स्नायूंत ते प्राणवायू जाळणारे कारखाने किती, आणि एक पाऊल टाकायला शरीर किती खर्च करते, यांवर घाटातली वेळ ठरते. टेस्टोस्टेरॉनचा यात हात नाही असे नाही. मुलगा वयात येतो तेव्हा तेच त्याचे स्नायू आणि रक्तातले हिमोग्लोबिन वाढवते. बाई आणि पुरुष यांच्या लांब शर्यतींतल्या वेळांत जो सुमारे दहा टक्क्यांचा फरक दिसतो, त्याच्या मुळाशी बरेचसे हेच आहे. पण निरोगी माणसाच्या नेहमीच्या मर्यादेत शंभर इकडे का शंभर तिकडे, यावरून कोण पुढे जाईल हे सांगता येत नाही. त्यावरून सांगता आले असते, तर शर्यत घाटात न घेता माझ्या प्रयोगशाळेतच घेता आली असती, आणि सकाळी आठच्या आत बक्षिसेही वाटून झाली असती.

आणि इंजेक्शन? त्याबद्दल मी तज्ज्ञ नाही, पण जे छापून आले आहे ते वाचतो. बाहेरून ही चिठ्ठी घालू लागले, की मेंदूला वाटते टपाल भरपूर आहे. तो आपले लिहिणे बंद करतो, वृषणांचे काम थांबते, शुक्रबीजे घटतात. कधीकधी नुसते थांबवूनही जुना कारभार महिनोन्‌महिने मार्गावर येत नाही. रक्त दाट होऊ शकते. ज्यांचे संप्रेरक खरोखर रोगाने कमी झाले आहे त्यांना ते द्यावेच लागते, आणि त्यांचे त्याने भले होते. पण तिथेही जपून. 2023 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. पंचेचाळीस ते ऐंशी वयाचे, कमी टेस्टोस्टेरॉनचे आणि हृदयविकार असलेले वा त्याचा धोका असलेले पाच हजारांहून अधिक पुरुष. हृदयविकाराचे झटके औषधाने वाढले नाहीत, हा दिलासा. पण हृदयाचा ठेका बिघडण्याचे प्रकार औषध घेणाऱ्यांत अधिक दिसले. आणि हाडे बळकट होतील, मोडणार नाहीत, अशी जी सर्वांची अपेक्षा, ती उलटीच ठरली. मोडण्याचे प्रमाण त्यांच्यात थोडे जास्तच निघाले. शिवाय खेळात हे संप्रेरक बाहेरून घेणे निषिद्ध आहे. शेवटून चौथा येणाऱ्याची कोणी तपासणी करीत नाही, हे खरे, पण मी मित्रांना एवढेच विचारले, "तुझ्याशी घाटात शर्यत लावणारा आहे तरी कोण?" ते थोडा वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, "मीच. पाच वर्षांपूर्वीचा."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. चाळिशी-पन्नाशीतले आम्ही सगळे त्याच एका माणसाच्या मागे धावतो, आणि तो काही हाती लागत नाही.

डॉक्टरांनी त्यांना इंजेक्शन दिले नाही. आठवड्याचे नव्वद किलोमीटर चाळीसवर आणले, रात्री दहाला झोपायला लावले, आणि सकाळी घाटातून आल्यावर नुसत्या काळ्या चहावर बँक उघडायला जात ते बंद करून दोन भाकऱ्या आणि उसळ खायला लावली. तीन महिन्यांनी आकडा 440 च्या आसपास आला. वेळ? ती जुन्या वेळेपेक्षा सहा मिनिटांनी अधिकच आहे अजून. पण ते हल्ली घाटात बोलतात. पूर्वी फक्त धापा टाकीत.

इथवर जे लिहिले ते हसतखेळत लिहिता आले. आता जे लिहायचे आहे ते तसे नाही.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी, वय एकोणीस, पुण्याला शिकते. आमच्या घराण्यातली पहिली खरी धावणारी. आम्ही बाकीचे नुसते हौशी. मागच्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा दादांनी सगळ्यांना सांगितले, की पोरीने दहा किलोमीटरांत तीन मिनिटे कमी केली, आणि जानेवारीत मुंबईला तिचे नाव घातले आहे. वहिनींनी मायेने चकल्यांचे ताट तिच्यापुढे केले. तिने एक चकली उचलली, तिचे दोन तुकडे केले, आणि एक परत ताटात ठेवला. ऐन दिवाळीतल्या दुपारी अंगात स्वेटर. जिना उतरताना डावा पाय ती क्षणभर अधांतरी धरी आणि मग टेके. तीस वर्षे माणसांचे हात हातात धरून बसलेल्या माणसाला काही गोष्टी न तपासताही दिसतात. पण पुढचा प्रश्न काकाने विचारायचा नव्हता. तो भाऊबीजेच्या संध्याकाळी, गच्चीवर पणत्या लावताना, तिच्या काकूने विचारला.

सात महिने पाळी आली नव्हती.

तिला त्याचे काही वाटत नव्हते. वसतिगृहातल्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, "बरंच की, कटकट गेली!" तिला शिकवणाऱ्या कोणीतरी तर सांगितले होते, की चांगल्या धावणाऱ्या मुलींचे असे होतेच, सराव नीट चालल्याची ती खूण आहे. हे वाक्य ज्याने कोणी पहिल्यांदा उच्चारले असेल त्याने किती मुलींची हाडे मोडली असतील याचा हिशेब कोण देणार?

कारण हाडांचाच प्रश्न असतो. ज्या 1984 साली कॅनडात पुरुषांचे रक्त मोजले, त्याच वर्षी अमेरिकेत बार्बरा ड्रिंकवॉटर यांनी पाळी बंद झालेल्या तरुण खेळाडू मुलींच्या मणक्यांची घनता मोजली. मुलींचे सरासरी वय पंचविशीचे. मणके एक्कावन्न वर्षांच्या बाईचे! पाळी ही नुसती पाळी नसते. ती आली म्हणजे इस्ट्रोजेन पुरेसे आहे असे समजायचे, आणि इस्ट्रोजेन हाडांचा राखणदार आहे. एकोणिसाव्या वर्षी माणूस हाडांच्या पेढीत ठेव ठेवीत असतो. त्या वयात ठेव मोडून खाल्ली तर म्हातारपणी काय काढणार?

दादांना हे समजावणे सोपे नव्हते. ते म्हणाले, "अरे, ती काही उपाशी राहत नाही. सकाळी ओट्स, दुपारी पोळी-भाजी, रात्री सॅलड. नीट जेवते." मग मी फराळाच्या ताटाशेजारी कागद घेऊन बसलो. मुलीचे वजन पन्नास किलो. चरबी वजा केली तर चाळीस किलो धरा. रोजचे बारा किलोमीटर धावणे. धावायला साधारण दर किलोमीटरला दर किलो वजनामागे एक किलोकॅलरी लागते. म्हणजे सहाशे झाले. ती खात होती पंधराशेच्या घरात. पंधराशेतून सहाशे गेले, उरले नऊशे; चाळीस किलोंत वाटले तर किलोमागे साडेबावीस. अमेरिकेत ॲन लाउक्स यांनी निरोगी तरुणींवर प्रयोग करून 2003 साली दाखवले, की ही शिल्लक तिसाच्या खाली गेली की पाचच दिवसांत मेंदूकडून अंडाशयाला जाणाऱ्या निरोपांचा ठेका बिघडू लागतो. पंचेचाळीस असेल तर सारे सुखात. म्हणजे या पोरीला चोवीसशे हवे होते, आणि तिला पंधराशे मिळत होते. घरच्या कोणाच्याच नजरेत हे आले नाही, कारण पंधराशे हे घरात बसून वाचणाऱ्या बारीक मुलीचे बरे जेवण आहे.

दादांनी आयुष्यभर पगारात घर चालवले आहे, म्हणून मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितले. पगार कमी पडू लागला तर आपण काय करतो? भाडे आणि पीठ-मीठ थांबवीत नाही. रंग लावायचे पुढे ढकलतो, लग्नकार्य पुढे ढकलतो, गळणाऱ्या छपराकडे डोळेझाक करतो. शरीर तसेच करते. हृदय आणि मेंदू यांचा शिधा ते तोडत नाही. मूल होण्याची तयारी आधी बंद करते, मग हाडांची डागडुजी, मग अंगातली ऊब. स्वेटर का घातला होता, ते त्यांना तेव्हा कळले असावे. ते उठून खिडकीशी गेले.

आणि वेळ कशी कमी होत गेली, हाही त्यांचा प्रश्न होता. होते तसे. पहिले काही महिने वजन उतरते आणि माणूस हलका होऊन पळतो. हीच फसवणूक. घड्याळ शाबासकी देत असते आणि आत छप्पर गळत असते. ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 साली या सगळ्या प्रकाराला एकत्र नाव दिले आणि पुरुषांनाही त्यात धरले. मित्रांचा काळा चहा आणि पुतणीची अर्धी चकली एकाच वहीत मांडली गेली म्हणायची.

दिवाळी संपताच तपासण्या झाल्या. रक्त मी काढले नाही; माझ्या सहकारी बाईंनी काढले. थायरॉईड, प्रोलॅक्टिन, सगळी दुसरी कारणे एकेक करून बाजूला सारली. इस्ट्रोजेन तळाला गेलेले. एम.आर.आय.त डाव्या नडगीच्या हाडात बारीक चीर. वहिनींनी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना विचारले, "पाळी आणायच्या गोळ्या द्या ना." कोणतीही आई हेच विचारील. बाईंनी शांतपणे सांगितले, की त्या गोळ्यांनी रक्तस्राव होईल, पण ती खरी पाळी नव्हे. हाडांना त्याचा भरवसा नाही, आणि घरातल्या सगळ्यांना मात्र वाटेल की सारे ठीक झाले. औषध एकच, जास्त खाणे आणि कमी धावणे.

खाण्याइतके अवघड औषध नसते, हे मी त्या हिवाळ्यात पाहिले. ज्या मुलीने वर्षभर स्वतःला 'नको' म्हणायला शिकवले, तिला 'हो' म्हणायला लावायचे. मुंबईची शर्यत गेली. त्या दिवशी ती दार लावून बसली. दादा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचे एकच पान धरून तासभर बसले होते. मध्येच ते मला म्हणाले, "तू बोलला नसतास, तर ती आज पळाली असती." मी उत्तर दिले नाही. पळालीही असती, किती अंतर, ते त्या चिरेने ठरवले असते.

या काळात तिचा माझ्यावर राग होता. तो गेला तो एका शब्दाने. एकदा मी तिला सहज सांगितले, की धावताना जी एक धुंदी येते तिचे श्रेय लोक अनेक वर्षे एंडॉर्फिनला देत आले. पण 2021 साली जर्मनीत एंडॉर्फिनचा मार्ग औषधाने अडवून लोकांना पळवले, तरी धुंदी आलीच. मग संशय दुसऱ्याच एका द्रव्यावर बळावला. ते 1992 साली जेरुसलेममध्ये सापडले, आणि शोधणाऱ्यांनी त्याला नाव दिले ॲनंडमाइड. "का, माहीत आहे?" मी विचारले. "संस्कृतातल्या 'आनंद' शब्दावरून." ती कितीतरी महिन्यांनी हसली. मग मी तिला 2012 सालचा प्रयोगही सांगितला. संशोधकांनी माणसे, कुत्री आणि मुंगसासारखा लांबट फेरेट नावाचा प्राणी, अशा तिघांना यंत्राच्या पट्ट्यावर पळवले. माणसांत आणि कुत्र्यांत धावल्यावर हा 'आनंद' वाढला. फेरेटात वाढला नाही. तो बिचारा बिळात राहणारा; लांब पळणे त्याच्या कुळाचारात नाही. आमच्या घाटात एक तांबूस कुत्रे आहे, कोणाचेही नाही; ते दर रविवारी पायथ्यापासून आमच्याबरोबर निघते आणि वर पोहोचल्यावर कोणी काही न देताही शेपूट हलवीत बसते. त्याचे कोडे मला त्या प्रयोगाने उलगडले.

मे महिन्यात तिची पाळी परत आली. ही बातमी वहिनींनी काकूला फोनवर दिली आणि काकूने मला. एखादी पाळण्याची बातमी सांगावी तशा दबक्या, आनंदी आवाजात. जूनपासून ती आधी चालू लागली, मग एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे. दादा आता तिला वेळ विचारीत नाहीत, काय खाल्लेस ते विचारतात. तेही जरा अतीच विचारतात, असे तिचे म्हणणे आहे.

माझा स्वतःचा आकडा किती, असे मला टोळीतले लोक नेहमी विचारतात. मी तो काढलेला नाही. यंत्र माझ्या टेबलावर आहे, सुई माझ्या हातात आहे, पैसेही पडणार नाहीत. पण झोप लागते, भूक लागते, आणि घाट चढून झाल्यावर दुसऱ्या रविवारी पुन्हा चढावासा वाटतो. या तीन चिठ्ठ्या मला घरबसल्या मिळत असताना चौथीसाठी रक्त कशाला काढायचे? काही दुखले-खुपले तर काढीन.

यंदा गणपतीला पुतणी चार दिवस आली होती. गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला उठवले. "काका, घाटात येता?" पाऊस नुकता थांबला होता, अजिंक्यताऱ्यावर ढग बसला होता आणि रस्त्याच्या कडेने पाणी वाहत होते. पायथ्याशी तांबूस कुत्रे हजर होतेच. पहिल्या दोन वळणांपर्यंत ती माझ्या जोडीने राहिली, मग मीच तिला पुढे पिटाळले. मी वरच्या वळणावर पोहोचलो तेव्हा ती कठड्याशी उभी राहून खिशातली चिक्की खात होती, आणि कुत्रे तिच्या पायाशी बसून त्या चिक्कीकडे पाहत होते.

"फार वेळ थांबलीस का गं?" मी विचारले.

"छे! मी घड्याळ बघितलंच नाही," ती म्हणाली, "चार मिनिटं बावीस सेकंद."